सामनची पिल्ले आणि खाऱ्या पाण्याचा उंबरठा

नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या जाळीदार पिंजऱ्यांत वाढणाऱ्या सामन माशांपैकी ६ कोटी २८ लाख मासे २०२३ या एका वर्षात काढणीपूर्वीच मरण पावले. त्या देशाच्या पशुवैद्यक संस्थेच्या वार्षिक अहवालात नोंदलेला हा आकडा समुद्रातील पाळीव सामनच्या १६.७ टक्के भरतो. म्हणजे दर सहा माशांमागे एक मासा ताटापर्यंत पोहोचलाच नाही. कल्ल्यांचे विकार, जिवाणूंमुळे होणाऱ्या जखमा, उवा काढण्याच्या यांत्रिक उपायांत होणारी इजा अशी या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एका कारणाची मुळे समुद्रात नसून समुद्रात उतरण्याच्या क्षणात आहेत. गोड्या पाण्यात वाढलेले शंभरेक ग्रॅमचे पिल्लू एके दिवशी खाऱ्या पाण्यात सोडले जाते. त्या दिवशी त्याचे शरीर मिठासाठी सिद्ध असेल तर ते काही दिवसांत खाऊ लागते आणि वर्ष-दीड वर्षात चार-पाच किलोचे होते. सिद्ध नसेल तर ते मरते, किंवा जगते पण वाढत नाही. मत्स्यपालकाच्या दृष्टीने दुसरी शक्यता पहिलीपेक्षा फारशी बरी नाही.

पाण्यातील क्षारता आणि सामनच्या पिल्लाची भूक व वाढ यांचा संबंध हा शास्त्रज्ञांच्या जवळजवळ शतकभराच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यातील मूलभूत गोष्टी आता निर्विवाद आहेत. व्यवहारातले काही प्रश्न मात्र अजूनही वादाचे आहेत आणि त्यांवर कोट्यवधी क्रोनर गुंतलेले आहेत.

नदीत जन्म, समुद्रात संसार

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत 'इंडियन सामन' या नावाने जो मासा मिळतो तो आपला रावस होय. चवीला तो उत्तम असला तरी खऱ्या सामनशी त्याचे काही नाते नाही. येथे विचार करावयाचा आहे तो प्रामुख्याने अटलांटिक सामनचा. नॉर्वे, स्कॉटलंड, आइसलंड, कॅनडाचा पूर्व किनारा हे त्याचे मूळ प्रदेश. चिली आणि टास्मानिया येथे तो माणसाने नेला.

शरद ऋतूत मादी नदीच्या तळाशी असलेल्या खडी-गोट्यांत खळगे करून अंडी घालते. वसंतात त्यांतून बाहेर आलेले पिल्लू आधी पोटाखालच्या पिशवीतील बलकावर जगते, मग कीटकांच्या अळ्या टिपू लागते. काही महिन्यांत त्याच्या अंगावर बोटांचे ठसे उमटावेत तसे गडद पट्टे दिसतात. या अवस्थेला 'पार' म्हणतात. पार हा नदीचा जीव. तो प्रवाहाकडे तोंड करून आपली जागा राखतो आणि शेजाऱ्याला हुसकावून लावतो. नदी उबदार असेल तर एक-दोन वर्षे, उत्तरेकडील थंड नद्यांत चार-पाच वर्षेही तो या स्थितीत राहतो. नंतर एका वसंतात त्याचा कायापालट होतो. पट्टे मावळून अंग रुपेरी होते, शरीर सडपातळ होते, भांडकुदळ एकांडे पिल्लू थव्यात मिसळते आणि प्रवाहाबरोबर वाहत समुद्राकडे निघते. या अवस्थेतील पिल्लाचे नाव 'स्मोल्ट'.

नदीत असताना जेमतेम १२ ते १५ सेंटिमीटर झालेले हे पिल्लू समुद्रात एक वर्ष काढून परतते तेव्हा दोन-तीन किलोचे असू शकते. ही तफावत त्याच्या खवल्यांवर लिहिलेली असते. झाडाच्या खोडाप्रमाणे खवल्यांवरही वलये असतात. नदीतील वर्षांची वलये दाटीवाटीने आलेली, समुद्रातील पहिल्या उन्हाळ्यापासूनची रुंद आणि मोकळी. कानातील हाडासारख्या खड्यात तर स्ट्रॉन्शियमचे प्रमाण बदललेले आढळते, कारण समुद्राच्या पाण्यात ते अधिक असते. तो खडा तपासून मासा गोडे पाणी सोडून खाऱ्या पाण्यात केव्हा गेला हे सांगता येते.

समुद्र इतकी वाढ देतो, मग पिल्ले जन्मतःच तेथे का जात नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. काही जाती जातातही. प्रशांत महासागरातील गुलाबी सामन आणि चम सामन यांची पिल्ले खडीतून बाहेर आली की लगोलग समुद्राची वाट धरतात. अटलांटिक सामनला मात्र ते जमत नाही. पार अवस्थेतील पिल्लू ३० किंवा ३५ क्षारतेच्या, म्हणजे दर लिटरला सुमारे ३० ते ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात टाकले तर ते फार काळ तग धरत नाही. उलट याच जातीचे काही वंश समुद्राकडे पाठ फिरवून बसले आहेत. स्वीडनच्या व्हेनर्न सरोवरातील सामन नदीतून सरोवरात जातो आणि तेथेच मोठा होतो. मीठ त्याच्या आयुष्यात येतच नाही. आपल्याकडे रायगडच्या खाड्यांत आणि तलावांत मिळणारा जिताडा बरोबर उलट दिशेचा प्रवासी आहे. तो जन्मतो खाऱ्या पाण्यात आणि वाढायला येतो मचूळ व गोड्या पाण्यात.

कल्ल्यांतील उलटी गंगा

माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे उलगडते. नदीत बाहेरचे पाणी रक्तापेक्षा पातळ. त्यामुळे तर्षणाच्या नियमानुसार पाणी सतत अंगात शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपतात. म्हणून नदीतील मासा पाणी जवळजवळ पीत नाही, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यातील तुटपुंजे क्षार ओढून घेतो. समुद्रात हे सगळे उलटे होते. बाहेरचे पाणी रक्तापेक्षा तिपटीने खारे असल्यामुळे अंगातील पाणी बाहेर जाते. भर समुद्रात असूनही माशाला तहानेने सुकण्याचा धोका असतो. मग त्याला समुद्राचेच पाणी प्यावे लागते, आतड्यात ते शोषून घ्यावे लागते आणि त्याबरोबर आलेले मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकावे लागते. मॅग्नेशियम आणि सल्फेट यांचा निचरा मूत्रपिंडे करतात. लघवी थोडी आणि दाट होते.

समुद्री मासे पाणी पितात हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. त्यांनी पाण्यात रंगद्रव्य मिसळले आणि ते माशांच्या आतड्यात साठलेले आढळले. पुढच्याच वर्षी अॅन्सेल कीज यांनी कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत ईल माशाचे कल्ले क्लोराइड बाहेर टाकतात हे सिद्ध केले. हेच कीज पुढे अमेरिकी सैनिकांच्या 'के रेशन' या शिधेमुळे आणि हृदयविकार व आहार यांवरील सात देशांच्या पाहणीमुळे जगप्रसिद्ध झाले. माशांच्या मिठापासून माणसांच्या चरबीपर्यंतचा हा प्रवास विज्ञानाच्या इतिहासातला एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल.

कल्ल्यांतील हे काम करणाऱ्या पेशी ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांनी ठासून भरलेल्या असतात. त्यांतील सोडियम-पोटॅशियम एटीपेज नावाचे विकर हा या यंत्रणेचा पंप. पारचा स्मोल्ट होताना या विकराची क्रियाशीलता कित्येक पटींनी वाढते. इतकेच नव्हे, तर त्याचा प्रकारही बदलतो. नदीत मीठ आत ओढणारा प्रकार मागे पडतो आणि समुद्रात मीठ बाहेर फेकणारा पुढे येतो. विशेष म्हणजे ही तयारी मासा नदीत असतानाच, मिठाचा कणही न चाखता पूर्ण होते. तिला चालना देतो तो लांबत जाणारा दिवस. वसंतात उजेडाचे तास वाढू लागले की मेंदू व पीयूषिका ग्रंथी यांच्याकडून संकेत जातात, वाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांची पातळी चढते, गोड्या पाण्यास अनुकूल असलेले प्रोलॅक्टिन उतरते. पाण्याचे तापमान या घड्याळाचा वेग कमी-जास्त करते. घड्याळ चालते ते उजेडावर.

हे दार कायमचे उघडे राहत नाही. स्मोल्ट काही आठवड्यांत समुद्रात पोहोचला नाही तर त्याचे शरीर पुन्हा गोड्या पाण्याकडे वळते आणि मिळवलेली क्षारसहिष्णुता गमावून बसते. पाणी जितके उबदार तितके हे लवकर घडते. अमेरिकेतील कनेटिकट नदीत नामशेष झालेला सामन पुन्हा रुजविण्याचे प्रयत्न अनेक दशके चालले. त्याच नदीकाठी टर्नर्स फॉल्स येथील प्रयोगशाळेत स्टीफन मॅकॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून दिसले की, धरणांपाशी खोळंबलेली पिल्ले उशिरा आणि कोमट पाण्यातून खाली येतात तेव्हा त्यांची समुद्राची तयारी ओसरू लागलेली असते. तेथील पुनर्वसन कार्यक्रमातून अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २०१२ मध्ये अंग काढून घेतले. अपयशाची कारणे अर्थातच अनेक होती, परंतु चुकलेल्या वेळेचा त्यात वाटा होता. दक्षिण नॉर्वेत आम्लवर्षणाने वेगळ्याच मार्गाने हेच घडविले. आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले अॅल्युमिनियम कल्ल्यांवर बसते. पिल्लू नदीत धडधाकट दिसते, पण समुद्रात उतरले की मिठाचा निचरा त्याला जमत नाही. नद्यांमध्ये चुनखडी सोडण्याच्या योजना तेथे वर्षानुवर्षे राबविल्या गेल्या त्या यासाठीच.

भूक का मरते?

क्षारतेचा वाढीवर परिणाम होतो असे म्हटले की सर्वसाधारण समज असा होतो की मीठ बाहेर फेकण्यात शक्ती खर्ची पडते आणि अंगाला लागायला काही उरत नाही. हा समज अगदी चुकीचा नाही. पण सामनच्या बाबतीत खरा तोटा होतो तो घास न घेतल्यामुळे, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

गोड्या पाण्यातील स्मोल्ट थेट समुद्राच्या पाण्यात सोडला की पहिल्या दिवसा-दोन दिवसांत त्याच्या रक्तातील सोडियम आणि क्लोराइड वाढते व स्नायूंतील पाणी कमी होते. चांगली तयारी झालेल्या पिल्लात ही पातळी लवकरच खाली येते. पण त्याची भूक मात्र तितक्या चटकन परतत नाही. काही पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाऊ लागतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात, काही महिना उलटला तरी तोंड उघडत नाहीत. टाकीत टाकलेले खाद्य आणि तळाशी उरलेले खाद्य यांची वजाबाकी केली तर हा फरक लपून जातो, कारण सरासरीत उपाशी आणि अधाशी एकत्र मोजले जातात. म्हणून संशोधकांनी एक युक्ती वापरली. खाद्याच्या गोळ्यांत लोखंडाची भुकटी किंवा बारीक काचेचे मणी मिसळायचे, मासे खाऊन झाले की त्यांना भूल देऊन क्ष-किरण छायाचित्र काढायचे आणि पोटातील मणी मोजायचे. स्कॉटलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत विकसित झाली आणि नॉर्वेतही तिचा मोठा उपयोग झाला. कोणत्या माशाने किती खाल्ले, कोणता उपाशी राहिला, हे तीतून प्रथमच नेमके कळू लागले.

भूक मंदावण्यामागे एकच कारण नाही. आतड्याला एकाएकी दुहेरी चाकरी करावी लागते. कालपर्यंत ते केवळ अन्न पचवीत होते, आज त्याला प्यालेल्या पाण्यातून पाणी शोषायचे आहे. त्यासाठी ते बायकार्बोनेट सोडते, कॅल्शियमचे कण साक्यासारखे साठतात, आतील रसायन बदलते. कोरडे खाद्य गिळले की त्याबरोबर आणखी पाणी आणि आणखी मीठ आत जाते. ज्याच्या रक्तातील मीठ आधीच वाढले आहे त्याच्यासाठी न खाणे हा काही काळ तरी शहाणपणाचा मार्ग ठरतो. दुसरे कारण ताणाचे. पिल्लांना पंपाने नळीतून ओढून, जहाजाच्या टाकीतून वाहून, पिंजऱ्यात ओतले जाते. त्याने कॉर्टिसॉल वाढते. हे संप्रेरक थोड्या प्रमाणात क्षारांशी जुळवून घ्यायला मदत करते, पण दीर्घकाळ चढे राहिले तर भूक आणि वाढ दोन्ही दाबते. एकच पदार्थ औषधही आहे आणि अपायही, असा हा प्रकार. त्यात पाणी फार थंड असेल तर कल्ल्यांची यंत्रणा मंदावते आणि उपवास लांबतो. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत स्मोल्ट समुद्रात सोडणे जोखमीचे समजले जाते.

नैसर्गिक सामनला ही सवलत मिळत नाही. नदीमुखाशी कॉड आणि कोळमासे वाट पाहत असतात, वर पक्षी असतात, आणि लहान राहणे म्हणजे अनेकांच्या तोंडी जाणे. खाद्यही नवे असते. काल किड्यांच्या अळ्या, आज वाहत आलेले कीटक, कोळंबीसारखे सूक्ष्म जीव आणि सँड ईल, हेरिंग यांची पिल्ले. समुद्रातील पहिल्या उन्हाळ्यात पिल्लू पुरेसे मोठे झाले नाही तर पहिला हिवाळा त्याला झेपत नाही, असे मत कॅनडाचे रिचर्ड बीमिश आणि अमेरिकेचे कोनराड मॅनकन यांनी प्रशांत महासागरातील कोहो सामनच्या अभ्यासावरून २००१ मध्ये मांडले. गमावलेले पहिले काही आठवडे नंतर भरून काढता येतातच असे नाही.

मिठाचा खर्च किती?

रक्ताइतकीच क्षारता असलेल्या, म्हणजे सुमारे १० ते १२ क्षारतेच्या मचूळ पाण्यात माशाला ना क्षार ओढावे लागतात ना फेकावे लागतात. मग वाचलेली शक्ती वाढीला लागावी, हे तर्काला धरून आहे. फ्रान्सचे गिल बफ आणि पॅट्रिक पायां यांनी २००१ मध्ये या विषयावरील प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. अनेक जातींचे मासे ८ ते २० या मधल्या क्षारतेत अधिक चांगले वाढतात, असे त्यातून दिसले. क्षारनियमनावर शरीराची किती ऊर्जा खर्च होते याचे आकडे मात्र १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. लेखकद्वयीचा कल खालच्या आकड्याकडे होता. कल्ले वेगळे काढून त्यांतील क्षारवाहतुकीचा खर्च मोजणाऱ्या प्रयोगांत तर तो शरीराच्या एकूण खर्चाच्या जेमतेम काही टक्के भरला.

याचा अर्थ असा की, केवळ ऊर्जेच्या जमाखर्चाने मचूळ पाण्यातील वाढीचे कोडे सुटत नाही. त्याच आढाव्यात दुसरे एक निरीक्षण होते. मधल्या क्षारतेत मासे खातात अधिक, आणि खाल्लेले अंगी लावून घेतातही अधिक. भूक, पचन आणि संप्रेरके यांचे गणित एकत्र बदलते. सामनच्या बाबतीत वय आणि अवस्था यांचाही विचार करावा लागतो. लहान पारला मचूळ पाणी सहन होते, पूर्ण खारे पाणी घातक ठरते. पक्क्या स्मोल्टला मात्र समुद्राच्या पाण्यात काही आठवडे स्थिरावू दिले की तो इतक्या वेगाने वाढतो की मिठाचा खर्च कुठे गेला असा प्रश्न पडावा. आकारही महत्त्वाचा. लहान माशाच्या वजनाच्या मानाने त्याचे बाह्य पृष्ठ जास्त असते, त्यामुळे पाणी-मिठाची गळतीही जास्त.

हरलेले मासे

पिंजऱ्याच्या कडेला, पृष्ठभागालगत, सुस्त पोहणारे, डोके मोठे आणि शरीर चिपाडासारखे असे मासे प्रत्येक मत्स्यपालकाच्या परिचयाचे असतात. नॉर्वेत त्यांना 'टापरफिस्क' म्हणतात. शब्दशः अर्थ हरलेले मासे. तयारी पुरी होण्यापूर्वी समुद्रात सोडलेल्या पिल्लांत हे विशेषकरून दिसतात. कोहो सामनमध्ये अशा खुंटलेल्या पिल्लांचा अभ्यास झाला तेव्हा एक विरोधाभास पुढे आला. त्यांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी नव्हते, उलट जास्त होते. उपाशी शरीर त्या संप्रेरकाला दाद देईनासे झाले होते. आदेश सुटत होते, अंमलबजावणी होत नव्हती.

२०१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मार्को व्हिंदास आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील पाळीव सामनांपैकी अशा खुंटलेल्या माशांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात कॉर्टिसॉल चढे होते आणि सेरोटोनिनची यंत्रणा सतत उत्तेजित अवस्थेत होती. नव्या ताणाला प्रतिसाद देण्याची शक्ती जवळपास संपली होती. ही स्थिती इतर प्राण्यांतील नैराश्याशी मिळतीजुळती असल्याचे संशोधकांनी नोंदविले. वृत्तपत्रांनी लगेच 'खिन्न सामन' असे मथळे दिले. माशाला माणसासारखे दुःख होते काय, हा वाद वेगळा ठेवला तरी एक गोष्ट उरते. हे मासे आजारी पडतात, त्यांच्यावर उवा व जंतू पोसले जातात आणि ते शेजाऱ्यांनाही बाधा करतात. त्यामुळे त्यांना वेळीच वेचून काढणे हा पालनाचा भाग मानला जातो.

दिवे, चाचण्या आणि टाक्या

नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रोन्टवेट बंधूंनी १९७० मध्ये समुद्रातील पिंजऱ्यात सामनची पिल्ले सोडली आणि आधुनिक सामनपालनाची सुरुवात झाली. त्या काळी स्मोल्ट वर्षातून एकदा, वसंतात मिळत असे. आज उबवणी केंद्रात तो हवा तेव्हा तयार केला जातो. सुमारे सहा आठवडे १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देऊन पिल्लांना हिवाळा भासवायचा, मग अखंड प्रकाश लावून वसंत आणायचा. माशाच्या पंचांगाशी केलेली ही लबाडी बहुतेक वेळा साधते. काही ठिकाणी खाद्यात जादा मीठ घालूनही आतड्याला आणि कल्ल्यांना आगाऊ सवय लावली जाते.

तयारी झाली की नाही हे डोळ्यांनी पुरते कळत नाही. रुपेरी दिसणारे प्रत्येक पिल्लू स्मोल्ट नसते, ही गोष्ट नवख्या पालकांना बरेच नुकसान सोसून कळते. म्हणून नमुन्यादाखल काही पिल्ले २४ तास समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ठेवून त्यांच्या रक्तातील क्लोराइड मोजतात. ते लिटरला सुमारे १५० मिलिमोलच्या आत राहिले तर कल्ले काम करू लागले असे समजतात. शिवाय कल्ल्याचा बारीक तुकडा घेऊन विकराची क्रियाशीलता, अलीकडे त्यामागील जनुकांची हालचालही तपासली जाते.

गेल्या दशकात चित्र आणखी बदलले. उघड्या समुद्रातील उवांचा उपद्रव टाळण्यासाठी पिल्लांना जमिनीवरच्या टाक्यांत २५० ग्रॅमपर्यंत, काही ठिकाणी एक किलोपर्यंत वाढवून मगच पिंजऱ्यात सोडण्याकडे नॉर्वेतील कंपन्यांचा कल झाला. या टाक्यांत तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा फिरविले जाते. साहजिकच प्रश्न उभा राहिला की या टाक्यांत पाणी किती खारे ठेवावे? सुन्दालसोरा येथील नोफिमा संस्थेच्या केंद्रात ट्रिने इत्रेस्टोयल आणि सहकाऱ्यांनी सुमारे ७० ग्रॅमची पिल्ले १२, २२ आणि ३२ अशा तीन क्षारतांत ठेवून ४५० ग्रॅमच्या आसपास वाढविली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १२ क्षारतेतील मासे अधिक वाढले, अधिक जगले आणि खाद्याचा उपयोगही त्यांनी चांगला करून घेतला.

टाकीतील पाण्याच्या दृष्टीनेही मीठ कमी असणे सोयीचे आहे. माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू खाऱ्या पाण्यात संथ काम करतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. टाकीच्या एखाद्या कोपऱ्यात गाळ साचून प्राणवायू संपला की त्या सल्फेटापासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक ठरतो आणि त्यामुळे जमिनीवरच्या केंद्रांत एका रात्रीत टाक्याच्या टाक्या मेल्याच्या घटना घडल्या आहेत. मात्र मीठ अजिबात नसणेही बरे नव्हे. पाण्यातील नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरते तेव्हा क्लोराइड त्याची वाट अडवते, म्हणून गोड्या पाण्याच्या टाक्यांतही थोडे मीठ मुद्दाम टाकतात.

वाद आहे तो पुढच्या टप्प्याचा. मचूळ पाण्यात सुखाने वाढलेला मासा भर समुद्रात गेल्यावर तसाच वाढतो काय? काहींचा अनुभव चांगला आहे. काहींच्या मते अखंड उजेडात आणि उबदार पाण्यात झपाट्याने वाढविलेल्या मोठ्या पिल्लांत समुद्रातील सहनशक्ती असमान राहते, आणि एक किलोचा मासा म्हणजे आपोआप तयार मासा असे धरून चालणे महागात पडते. क्षारता, उजेड, तापमान आणि पोहण्याचा व्यायाम यांचा मेळ प्रत्येक केंद्राला स्वतःच्या पाण्यानुसार बसवावा लागत आहे.

समुद्रातही पाणी सर्वत्र सारखे खारे नसते. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये वसंतात बर्फ वितळून आलेले गोडे पाणी वर तरंगते आणि त्याखाली खारे पाणी राहते. पिंजऱ्यातील माशांचा वावर यंत्रांनी टिपला असता एक गोष्ट आढळली. जुने स्थिरावलेले मासे क्षारतेची फारशी पर्वा करीत नाहीत, ते उजेड, तापमान आणि खाद्य पाहून वर-खाली होतात. नुकतीच सोडलेली पिल्ले मात्र काही काळ या दोन थरांच्या सीमेवरील मचूळ पाण्यात राहणे पसंत करतात. सामनवरील उवांच्या पिल्लांना कमी क्षारतेचे पाणी मानवत नाही आणि ती या वरच्या थराला टाळतात, हा त्यातला आणखी एक लाभ. टास्मानियात तर कल्ल्यांवर वाढणाऱ्या अमीबाच्या रोगावर १९८० च्या दशकापासून गोड्या पाण्याचे स्नान हाच मुख्य उपाय राहिला आहे. समुद्रात वाढणाऱ्या माशाला काही तास गोड्या पाण्यात ठेवतात. तेवढ्यात अमीबा मरतो. मासा मात्र टिकतो, कारण नदीत जन्मल्यामुळे गोडे पाणी सोसण्याची त्याची क्षमता पुरती गेलेली नसते.